माइनक्राफ्टमध्ये जनावरं माणसाळवताना : आधी कुंपण, मग जनावर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. सकाळी अकरानंतर घराबाहेर कुणी पडत नाही आणि मामाच्या गावाला आलेली भाचरं कूलरसमोर मोबाइलवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) जगाचा गेम घेऊन बसतात. त्या वेळी आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "मामा, लांडग्याला काय खाऊ घालायचं?" उत्तर एका शब्दाचं आहे, हाड. पण त्या उत्तरानं काम भागत नाही. लांडगा आपला होतो, त्याच्या गळ्यात लाल पट्टा येतो, आणि खेळातला एक दिवस उलटायच्या आत तो कड्यावरून पडतो, लाव्हात जातो किंवा कुठल्या तरी डोंगराआड बसलेला राहतो. खायला काय द्यायचं ते कुणीही सांगेल. जनावर हाती आल्यावर त्याला ठेवायचं कुठे आणि घरी आणायचं कसं, हे आधी ठरवलेलं नसतं. म्हणून हा लेख कुंपणापासून सुरू होतो.

हे सगळं सर्व्हायव्हल मोडसाठी आहे, म्हणजे सामान स्वतः गोळा करून जीव वाचवत खेळायच्या प्रकारासाठी. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती आणि कॉम्प्युटरवरची जावा आवृत्ती यांत बारीकसारीक फरक आहेत, पण मूळ रीत सारखीच. फक्त गेम अपडेट केलेला असू द्या. जून २०२५ च्या अपडेटमध्ये खोगीर आणि दावं यांच्या बाबतीत मोठा बदल झाला. त्याआधीचे व्हिडिओ पाहून खेळणारे अजूनही खोगिरासाठी गुहा धुंडाळत फिरतात.

कुंपण, उजेड आणि दावं

घराजवळची सपाट जागा निवडा. शेजारी कडा, निवडुंग, लाव्हा किंवा खोल पाणी नको. बाहेरून ९ बाय ९ ब्लॉकचं आवार दोन घोडे आणि एका गाढवाला पुरतं. त्याला ३१ कुंपणाचे तुकडे आणि एक फाटक लागतं. चार फळ्या आणि दोन काठ्यांतून तीन तुकडे निघतात, फाटकाला चार काठ्या आणि दोन फळ्या. सगळा हिशेब केला तर १५ ओंडक्यांत काम होतं. एवढी लाकडं पहिल्याच दिवशी तोडून ठेवा.

कुंपण दिसायला एक ब्लॉक उंच असलं तरी गेम त्याला दीड ब्लॉक धरतो, त्यामुळे मोकळं जनावर ते ओलांडत नाही. पण कुंपणाला लागून आतल्या बाजूला एखादा मातीचा ब्लॉक किंवा पेटी राहिली, तर त्यावर चढून घोडा आरामात बाहेर. आवार बांधून झालं की आतून एक चक्कर मारून हे बघून घ्या. फाटक तर पोरं हमखास उघडं टाकतात. त्यावर उपाय एकच, एकापाठी एक दोन फाटकं लावायची आणि मधे एक-दोन ब्लॉकची जागा सोडायची.

उजेडाचं गणित सोपं आहे. २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून झोंबी, स्केलेटन (हाडांचा सांगाडा), क्रीपर (जवळ येऊन फुटणारा) ही हल्लेखोर मंडळी प्रकाश शून्य असेल तिथेच उगवतात. मशालीचा उजेड १४ असतो आणि दर ब्लॉकला एकानं उतरतो. ९ बाय ९ च्या आवारात मधोमध एक मशाल लावली तरी कोपऱ्यापर्यंत उजेड पोचतो. खरी गरज बाहेरच्या बाजूला असते. कुंपणाच्या चारही अंगांना दहा-बारा ब्लॉकपर्यंत मशाली लावल्या, की रात्री क्रीपर गोठ्याला टेकून फुटायची भीती बरीच कमी होते.

दावं म्हणजे गेममधलं लीड. आता ते नुसत्या पाच दोऱ्यांत बनतं, पूर्वी स्लाइमचा गोळाही लागायचा. दोरा कोळी मारून मिळतो. तीन-चार दावी जवळ असल्याशिवाय मोहिमेवर निघू नका. जनावराला दावं लावून कुंपणाच्या खांबावर टॅप केलं की ते तिथं बांधलं जातं. आणि निघण्याआधी घराचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे, वहीत लिहा. बेडरॉकमध्ये वर्ल्डच्या सेटिंगमध्ये 'शो कोऑर्डिनेट्स' चालू करावं लागतं. जावात एफ३ दाबलं की दिसतात. परतीची वाट सापडली नाही तर घोडा असून उपयोग काय?

लांडगा

सुरुवात लांडग्यापासून करावी असं माझं मत आहे. तो सापडायला सोपा, राखायला सोपा आणि रात्री उपयोगाचा.

१. आधी हाडं गोळा करा. स्केलेटन मेल्यावर शून्य ते दोन हाडं टाकतो. खेळ पीसफुलवर ठेवला असेल तर स्केलेटन उगवतच नाहीत, तेव्हा हाडांपुरती काठिण्यपातळी ईझीवर आणा. वाळवंटातल्या मंदिरांच्या पेट्यांतही हाडं सापडतात. दर हाडाला लांडगा वश होण्याची शक्यता तीनात एक असते. एका हाडात झाला तर नशीब, सहा हाडं खाऊन ढिम्म राहिला तरी गेम बिघडलेला नाही. दहा हाडं जवळ असतील तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा काम होतं. दोन लांडगे हवे असतील तर वीस घेऊन निघा.

२. टायगा (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी जंगल), साधं जंगल, बर्फाळ टायगा, ग्रोव्ह (बर्फाळ डोंगरउतारावरचं जंगल) अशा भागांत लांडगे कळपानं फिरतात. २०२४ पासून त्यांचे नऊ प्रकार आहेत आणि प्रकार ठरतो तो जागेवरून. झाडं असलेल्या बॅडलँड्समध्ये (लाल मातीच्या उजाड भागात) पट्टेवाला, सॅव्हानाच्या (कोरड्या गवताळ रानाच्या) पठारावर ठिपकेवाला, विरळ जंगलात तांबूस. रंगानं ताकदीत फरक पडत नाही.

३. जवळ जाताना हातात फक्त हाड असू द्या, तलवार नको. एका लांडग्याला फटका बसला तर आसपासचा सगळा कळप लाल डोळे करून अंगावर येतो आणि चिडलेला लांडगा हाड घेत नाही. मोबाइलवर हे फार होतं, कारण जनावरावर केलेला टॅप फटका ठरतो. हाड हातात धरून लांडग्याकडे रोख केला की स्क्रीनवर वेगळं बटण उमटतं, बोट तिथंच ठेवा.

४. लाल बदाम उडाले आणि गळ्यात पट्टा दिसला की झालं. तो तिथंच बसतो. रिकाम्या हातानं टॅप केलं की उठतो, पुन्हा केलं की बसतो. पट्ट्याला कोणताही रंग देता येतो. घरात दोघं-तिघं खेळत असतील तर ज्याचा त्याचा रंग ठरवून घ्या, भांडणं वाचतील.

५. लगेच मांस खाऊ घाला. पाळलेल्या लांडग्याचा जीव २० बदामांचा असतो आणि तो किती उरलाय हे शेपटी सांगते. शेपटी वर म्हणजे तब्येत छान, खाली लोंबली म्हणजे मार बसलाय. झोंबीचं सडकं मांस आपल्याला बाधतं, त्याला बाधत नाही. आपण फेकून देतो ते सगळं त्याच्यासाठी जपून ठेवा.

लांडगा आपण ज्याला मारू त्याच्यावर तुटून पडतो आणि आपल्याला मारणाऱ्यावरही. स्केलेटनवर तर न सांगता जातो. क्रीपरवर मात्र जात नाही, ते काम आपलंच. तुम्ही बारा ब्लॉकपेक्षा लांब गेलात की तो आपोआप तुमच्याजवळ येतो. हे सोयीचं असलं तरी यातच घात आहे. तुम्ही अरुंद पुलावरून लाव्हा ओलांडत असाल, तर तोही त्याच पुलावर येणार आणि कडेला येणार. गुहेत खोल उतरायचं किंवा नेदरमध्ये, म्हणजे गेममधल्या आगीच्या पाताळात, जायचं असेल तेव्हा त्याला घरी बसवून जावं.

लढाईला नेणारच असाल तर त्याला चिलखत करा. सॅव्हाना किंवा बॅडलँड्समध्ये आर्माडिलो नावाचा कवचवाला प्राणी असतो. त्याच्या पाठीवर ब्रश फिरवला की कवचाचा तुकडा मिळतो. असे सहा तुकडे जोडले की लांडग्याचं चिलखत तयार. ते असेपर्यंत बहुतेक मार चिलखत झेलतं आणि तडे गेले की त्याच तुकड्यांनी दुरुस्त होतं. ब्रशला तांबं लागतं, तेवढी एक कांडी बाजूला ठेवा.

पिल्लं हवी असतील तर दोन पाळलेल्या, पूर्ण तब्येतीच्या लांडग्यांना मांस द्या. पिल्लू जन्मतःच आपलं असतं आणि वीस मिनिटांत मोठं होतं. दोन लांडगे हाती आले की पुन्हा हाडं गोळा करत बसायची गरज उरत नाही.

मांजर

मांजर गावात भेटतं. त्याला कच्चा कॉड किंवा कच्चा सामन लागतो. भाजलेला मासा चालत नाही, रंगीत ट्रॉपिकल मासाही नाही. तीन काठ्या आणि दोन दोऱ्यांत गळ होतो, नदीकाठी बसून आठ-दहा मासे काढा. इथंही दर माशाला तीनात एक अशीच शक्यता.

पोरांचा धीर इथं सुटतो. लांडगा जागेवर उभा राहतो, मांजर पळतं. त्याच्यामागे धावलात की संपलं. मासा हातात धरून दहा-एक ब्लॉकवर थांबा, वाकून उभे राहा आणि नजर इकडेतिकडे भिरकावू नका. मांजर मान वर करून बघेल, दोन पावलं येईल, थांबेल, परत येईल. अगदी पायाशी आलं की मग मासा द्या. आमच्याकडे या वेळी मोठी भाची धाकट्याला सारखी बजावत असते, "दम धर रे भो, हलू नको."

मांजर घरात असण्याचा फायदा मोठा आहे. क्रीपर मांजराला घाबरून लांब राहतो आणि न झोपणाऱ्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणारे फँटमही जवळ येत नाहीत. दाराशी एक आणि गोठ्यापाशी एक मांजर बसवून ठेवलं की मशालींच्या खालोखाल तीच राखण. शिवाय तुम्ही रात्री झोपलात तर मोकळं मांजर सकाळी कधीकधी काहीतरी आणून ठेवतं, दोरा, पीस, कच्ची कोंबडी, क्वचित फँटमची कातडी. मात्र ते पेटीवर जाऊन बसलं की पेटी उघडत नाही. आणि ते पेटीवरच जाऊन बसतं. सामानाच्या खोलीचं दार लावून ठेवणं हाच इलाज.

घोडा

सारंगखेड्याचं नाव खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. तापीकाठच्या त्या गावात दत्तजयंतीच्या यात्रेला घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबून मारवाडी आणि काठेवाडी घोडे येतात. घेणारा कुणी दात बघतो, कुणी चाल, कुणी अंगावरचे भोवरे मोजतो. गेममधल्या घोड्याला यातलं काहीच लागू नाही. काळा, पांढरा, ठिपक्यांचा, कोणत्याही रंगाचा घोडा वेगवान किंवा रडका निघू शकतो. बसून पळवल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिला दिसला तो घरी आणू नका. कळपातले चार-पाच वश करा, तपासा आणि मग निवडा.

घोडे सपाट गवताळ मैदानात आणि सॅव्हानात असतात. वश करायला काहीच लागत नाही, रिकामा हात पुरे. टॅप करून पाठीवर बसा. तो उधळेल आणि पाडेल. पुन्हा बसा. "मामा, हा पाडतोय मला!" असा आरडाओरडा होतो तेव्हा मी सांगतो, पाडू दे. आत चाललेला हिशेब असा. घोड्याचा एक अदृश्य स्वभावांक शून्यापासून १०० पर्यंत असतो. तुम्ही बसलात की गेम मनात एक आकडा काढतो. स्वभावांक त्याच्या वर असेल तर घोडा तुमचा, नसेल तर तुम्ही खाली आणि स्वभावांकात पाचाची भर. म्हणजे प्रत्येक पडणं कामी येतं. मात्र मधेच दुसऱ्या घोड्याकडे वळलात, तर त्याच्याशी पहिल्यापासून सुरुवात.

घाई असेल तर आधी खाऊ घाला. साखर, गहू आणि सफरचंद यांनी प्रत्येकी तीन अंक वाढतात, सोनेरी गाजरानं पाच, सोनेरी सफरचंदानं दहा. नदीकाठचा ऊस तोडून साखर करणं सगळ्यात स्वस्त. सोनं यात घालवू नका, ते पुढे लागणार आहे. आणि गवताची गठडी या कामाची नाही. तिनं घोड्याची तब्येत सुधारते, स्वभाव नाही. गठड्या घालून घालून दमलेले खेळाडू पाहिलेत म्हणून मुद्दाम सांगतो.

बदाम उडाले की घोडा आपला, पण खोगीर घातल्याशिवाय तो आपलं ऐकत नाही, मनाला येईल तिकडे जातो. खोगीर आता क्राफ्टिंग टेबलावर तीन चामडी आणि एका लोखंडाच्या कांडीत होतं. गायी मारून चामडं मिळतं.

आता तपासणी. घोड्यावर बसल्यावर भुकेच्या जागी त्याचे बदाम दिसतात. कमीत कमी साडेसात, जास्तीत जास्त पंधरा. वेग कुठेच लिहिलेला नसतो, तो मोजावा लागतो. सपाट जागी १०० ब्लॉकवर दोन खुणा करा आणि दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. अव्वल घोडा सेकंदाला सव्वाचौदा ब्लॉक पळतो, म्हणजे हे अंतर सात सेकंदांत. रडका घोडा सेकंदाला जेमतेम पावणेपाच ब्लॉक, त्याला एकवीस सेकंद लागतात आणि त्यापेक्षा आपण पायी धावलेलं बरं. नऊ सेकंदांच्या आत आला तर ठेवून घ्या, बारा-तेराच्या पुढे गेला तर खोगीर उतरवून सोडून द्या. उडीसाठी दोन, तीन, चार, पाच ब्लॉक उंचीच्या भिंती एका रांगेत बांधा आणि उडीची पट्टी पूर्ण भरून सोडा. डोंगराळ भागात राहत असाल तर थोडा वेग कमी चालेल, उडी हवी. गवताळ मैदानात उलटं.

चांगली जोडी मिळाली की दोघांना सोनेरी गाजर द्या, शिंगरू होईल. गाजराभोवती सोन्याच्या आठ बारीक कण्या लावून सोनेरी गाजर बनतं. वर सोनं राखून ठेवायला सांगितलं ते यासाठीच. पूर्वी शिंगरं बहुधा मधल्याच प्रतीची निघायची. २०२३ च्या १.१९.४ आवृत्तीपासून आई-बापापेक्षा सरस शिंगरू निघण्याची शक्यता वाढली आहे. तेव्हा पिढ्यांमागून पिढ्या निवडत जाण्यात आता अर्थ आहे. ज्याला नाद आहे त्याचा मे महिना यातच जातो.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. घोडा लांडग्यासारखा मागे येत नाही, उतरलात की बांधा. आणि तो होडीत बसत नाही. वाटेत नदी असेल तर उथळ जागा शोधा किंवा दोन ब्लॉक रुंद पूल टाका. घरी आणायच्या वाटेचा विचार घोडा पकडायच्या आधी करायचा तो याचसाठी.

गाढव, खेचर आणि लामा

गाढव घोड्याच्याच रीतीनं वश होतं. ते मध्यम वेगाचं असतं, चिलखत घेत नाही, पण त्याच्या पाठीवर पेटी लादता येते आणि तीत १५ खणांचं सामान मावतं. खाणीवरून कोळसा, लोखंड, दगड वाहायचं तर घोड्यापेक्षा गाढव भलं. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, तेही पेटी वाहतं. खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत.

लामाला फार कुणी विचारत नाही, तो खरं तर मालवाहतुकीचा राजा आहे. सॅव्हानाच्या पठारावर आणि वारं सुटलेल्या उंच डोंगरांत तो सापडतो. बसा, पडा, पुन्हा बसा, हीच रीत, पण त्याचा स्वभावांक ३० पर्यंतच असल्यामुळे लवकर ऐकतो. इथं मात्र गवताची गठडी चालते, एकीनं सहा अंक वाढतात. लामावर बसून त्याला हाकता येत नाही. त्याला दावं लावून पुढे चाला. आसपासचे लामा आपोआप त्याच्यामागे रांग धरतात, एका तांड्यात दहापर्यंत. प्रत्येकाच्या पाठीवर पेटी आणि पेटीत ताकदीप्रमाणे ३ ते १५ खण. पेटी लादल्यावरच खण कळतात, म्हणून पाच-सहा लामांवर करून बघा आणि ताकदवान तेवढे ठेवा. त्याला मारू नका, थुंकतो.

पोपट

पोपट घनदाट जंगलात असतो. त्याला गहू, भोपळा, कलिंगड किंवा बीटचं बी द्या. जावात दर बियाला दहात एक एवढीच शक्यता, त्यामुळे तीस-एक बिया खिशात असाव्यात. गवत तोडलं की गव्हाचं बी मिळतंच. बिस्कीट मात्र चुकूनही देऊ नका. गेममधल्या बिस्किटात चॉकलेट असतं आणि ते खाल्लं की पोपट तिथल्या तिथं मरतो. खऱ्या पोपटालाही चॉकलेट विषारी असतं, म्हणूनच तो नियम गेममध्ये आणला.

वश झालेला पोपट खांद्यावर बसतो. आसपास झोंबी किंवा क्रीपर असेल तर त्याच्या आवाजाची नक्कल करतो, अंधाऱ्या गुहेत हे कामाचं आणि घरात बसल्या बसल्या दचकवणारं. उंचावरून उडी मारली किंवा पाण्यात शिरलात की तो खांद्यावरून उतरतो. मग तो मागे राहिला का, हे वळून बघायची सवय लावा. पोपटांना पिल्लं होत नाहीत.

इथं घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. गेममधला पोपट बघून पोरं खरा राघू मागतात आणि बाजारात तो पिंजऱ्यासकट मिळतोही. आपल्याकडचे रानातले पोपट पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. सातपुड्यातल्या लांडग्यालाही हाच कायदा लागू. हौस स्क्रीनवरच भागवावी.

कोल्हा आणि न माणसाळणारे

कोल्हा वश होत नाही, त्याचं पिल्लू वश होतं. टायगामध्ये झुडपांना लाल स्वीट बेरी लागतात, त्या तोडा. तोडताना झुडपात शिरू नका, काटे लागतात. दिवसा कोल्हे सावलीत झोपलेले असतात. वाकून, हळू जाऊन दोन कोल्ह्यांना एकेक बेरी द्या. पिल्लू झालं की ते तुमच्यावर विश्वास ठेवणारं असतं, पण आई-बाप रानटीच राहतात आणि ते पळाले की पिल्लूही त्यांच्यामागे जातं. म्हणून दावं आधीच हातात तयार हवं. पिल्लू जन्मलं की लगेच दावं लावा आणि चालायला लागा. वळून बघत बसलात तर गेलं. घरी कोंबड्या असतील तर त्यांच्यापासून त्याला लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

ऑसिलॉट हे जंगलातलं रानमांजर मासे खाऊन विश्वास ठेवतं, पण पाळीव होत नाही, मागे येत नाही. २०१९ पूर्वी त्याचं मांजर व्हायचं, म्हणून जुने व्हिडिओ तसं दाखवतात. पांडा आणि ध्रुवीय अस्वल यांच्या नादी लागू नका. उंटाला वश करावं लागत नाही. वाळवंटातल्या गावात दिसला की खोगीर घाला आणि बसा, दोघं बसतात. डुकरावरही खोगीर चढतं, त्याला हाकायला काठीला बांधलेलं गाजर लागतं. गंमत म्हणून एकदा ठीक आहे.

घरी आणताना

लांडगा, मांजर, पोपट ही मागे येणारी जनावरं. ती बसलेली नाहीत ना, एवढं निघताना बघा. बसलेलं जनावर कितीही लांब गेलात तरी येत नाही. मोठं पाणी ओलांडायचं असेल तर त्यांना होडीत ढकला, एका होडीत तुम्ही आणि एक जनावर मावतं. कोल्ह्याचं पिल्लू आणि लामाही होडीतून नेता येतो. दाव्यानं ओढत असाल तर धावू नका, ताण बसला की ते तुटतं आणि मागे वळून बघेपर्यंत जनावर टेकडीमागे गेलेलं असतं. रात्र पडली तर चालत राहण्यापेक्षा तिथंच एक खांब रोवून जनावर बांधा, भोवती मशाली लावा आणि झोपा. त्यासाठी पलंग बरोबर असावा.

एकाच वायफायवर दोघं-तिघं मिळून खेळत असतील तर मालकीचा नियम आधी सांगून टाका. लांडगा, मांजर, पोपट ज्यानं वश केला त्याचंच ऐकतात, दुसऱ्याच्या सांगण्यावरून उठत-बसत नाहीत. घोड्याचं तसं नाही. वश झालेल्या, खोगीर घातलेल्या घोड्यावर कुणीही बसून जाऊ शकतो. आमच्या घरातली निम्मी भांडणं इथंच होतात. आता ज्याचा घोडा तो खोगीर उतरवून स्वतःच्या पेटीत ठेवतो. नेम टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, मिळाला तर ऐरणीवर त्यावर नाव घालून जनावराला लावा. नाव डोक्यावर दिसतं, तेव्हा 'हा माझा, तो तुझा' हा प्रश्न मिटतो. नेम टॅग पेट्यांत सापडतो, मासेमारीतही लागतो.

उडणारं जनावर

२०२५ च्या त्याच अपडेटमध्ये हॅपी घास्ट आला. याला पकडायचं नसतं, वाढवायचं असतं. नेदरमधल्या सोल सँड व्हॅलीत हाडांच्या सांगाड्यांजवळ सुकलेला घास्ट ब्लॉकच्या रूपात पडलेला असतो. तो उचलून घरी आणा आणि पाण्यात ठेवा. नेदरमध्ये पाणी टिकत नाही, त्यामुळे घरी आणण्याला पर्याय नाही. साधारण वीस मिनिटांत त्याचं पिल्लू होतं. ते मोठं व्हायला आणखी तेवढाच वेळ, पण बर्फाचे गोळे खाऊ घातले तर लवकर. मोठा झाल्यावर तीन चामडी, दोन काचा आणि एक लोकर यांचा साज करून त्याच्यावर चढवा. चौघं बसतात, म्हणजे घरातली सगळी भाचरं एका फेरीत. वेग कमी आहे, घोड्याशी शर्यत लावू नका. पण उंच बांधकामाला याच्यासारखं काही नाही. पाठीवर उभे राहिलात की तो जागचा हलत नाही, आणि परांची बांधायची कटकट वाचते.